कराडचा वकील, पेंटॅगॉनच्या दारात

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये यशवंतराव चव्हाण साधारण दोन ओळींत आटोपतात. जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. फार तर तिसरी ओळ पंचायत राजची. एक मार्क पक्का झाला की आपण पान उलटतो.

पण त्या दोन ओळींच्या पुढं एक वेगळीच स्टोरी आहे. ती मुंबईत घडत नाही, कराडातही घडत नाही. ती दिल्ली, वॉशिंग्टन, मॉस्को आणि ताश्कंदमध्ये घडते. चीनकडून मार खाल्लेला देश, तिजोरीत डॉलर नाहीत, सैनिकांकडे धड बर्फातले बूट नाहीत, आणि जगातली सगळ्यात मोठी ताकद मदत द्यायला तयार आहे. पण कशाच्या बदल्यात, हे कुणी स्पष्ट सांगत नाही. या बोलण्यांच्या टेबलावर भारताच्या बाजूनं जो माणूस बसला, तो सातारा जिल्ह्यातल्या एका बेलिफाचा मुलगा होता.

भारत आणि अमेरिका यांच्यात संरक्षण करार झाला, अशी बातमी आजकाल आपल्या मोबाईलवर अधूनमधून झळकते. विमानाची इंजिनं, ड्रोन, तोफा. त्या बातमीखालच्या कमेंट्समध्ये दोनच पार्ट्या असतात. एक म्हणते अमेरिका आपला दोस्त, दुसरी म्हणते अमेरिका धोकेबाज. चव्हाणांचं आयुष्य नीट वाचलं तर कळतं, की हा प्रश्न इतका सोपा तेव्हाही नव्हता.

आधी माणूस समजून घेऊ

देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ. तेव्हा सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. यशवंत लहान असतानाच प्लेगच्या साथीत वडील गेले. आई विठाबाईंनी मुलं वाढवली. घरात पैसा नव्हता, शेती फारशी नव्हती, ओळखीपाळखीचं कुणी मोठं नव्हतं. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर बॅकग्राउंड झिरो.

कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना गुरुजींनी वर्गाला विचारलं, मोठेपणी कोण होणार? बाकीच्या पोरांनी थोर पुढाऱ्यांची नावं लिहिली. या मुलानं मात्र चिठ्ठीवर स्वतःचंच नाव लिहिलं. हा किस्सा त्यांनीच नंतर आत्मचरित्रात सांगितलाय.

१९३२ मध्ये, शाळेत असतानाच, स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतल्याबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांना खरं कॉलेज भेटलं. तिथं गांधीवादी होते, समाजवादी होते, मार्क्स वाचलेले होते. पुढं काही काळ मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव राहिला. रशिया, अमेरिका, साम्राज्यशाही हे शब्द त्यांना परराष्ट्र मंत्रालयात गेल्यावर नव्हे, तर जेलच्या बराकीत पहिल्यांदा नीट समजले.

सुटून आल्यावर मॅट्रिक झाले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये बी.ए., विषय इतिहास आणि राज्यशास्त्र. १९४१ मध्ये पुण्यातून एलएल.बी. कराडला वकिली सुरू केली. २ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत छोडो भारत आंदोलन पेटलं. नवरदेव भूमिगत. नव्या नवरीला पोलिसांनी पकडून नेलं. संसाराची सुरुवातच अशी झाली.

१९४६ ला आमदार. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, वय ४३. १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. गरीब घरातल्या पोरांची फी माफ करणारी ईबीसी सवलत त्यांच्याच काळातली. आपल्या आधीच्या पिढीतले कित्येक मास्तर, इंजिनिअर, अधिकारी याच सवलतीवर शिकले. १९६२ च्या १ मे पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. इथपर्यंतचं आपल्याला शाळेत शिकवतात.

दिल्लीचा फोन

२० ऑक्टोबर १९६२ ला चीननं लडाख आणि तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, हल्ला केला. महिन्याभरात आपली ठाणी एकामागून एक पडली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर टीकेची झोड उठली आणि त्यांना जावं लागलं. पंतप्रधान नेहरूंनी त्या खुर्चीसाठी चव्हाणांना मुंबईहून बोलावलं. इकडं मुख्यमंत्रिपद गेलं आपल्या विदर्भातल्या मारोतराव कन्नमवारांकडे.

चव्हाण दिल्लीत पोचले तेव्हा वातावरण कसं होतं? १९ नोव्हेंबरपर्यंत बोमडिला पडलं होतं. आसामात तेजपूर रिकामं होत होतं. त्याच दिवशी नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रं पाठवली. त्यात अमेरिकन लढाऊ विमानांच्या १२ स्क्वॉड्रनची आणि रडारची मागणी होती, म्हणजे अमेरिकन वैमानिकांनीच भारताच्या शहरांचं रक्षण करावं अशी. आयुष्यभर कुठल्याही लष्करी गटात जायचं नाही असं ठरवलेल्या पंतप्रधानाला हे लिहावं लागलं. ही पत्रं लोकांना बराच काळ माहीतच नव्हती.

२१ नोव्हेंबरला चव्हाणांनी सूत्रं हाती घेतली आणि त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे नवा संरक्षणमंत्री लढाईला आला आणि लढाई संपलेली. उरलं काय? खचलेलं सैन्य, एकमेकांवर संशय घेणारे जनरल आणि मंत्री, आणि लोकांचा राग. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असं महाराष्ट्रात कौतुकानं म्हटलं गेलं. प्रत्यक्षात सह्याद्रीला आधी हिमालयाची मोडतोड मोजत बसावं लागलं.

चव्हाणांनी केलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती. रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना एकत्र बसवायचं आणि त्यांचं ऐकायचं. आधीच्या काळात मंत्री आणि सेनाधिकारी यांचं जमत नव्हतं. ती दरी या रोजच्या बैठकीनं कमी झाली. दुसरं, पराभव का झाला याची चौकशी. हेंडरसन ब्रूक्स यांचा अहवाल आला तेव्हा सप्टेंबर १९६३ मध्ये त्यातलं सार त्यांनी संसदेत मांडलं, मात्र पूर्ण अहवाल बाहेर काढला नाही. यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते.

तिसरं काम सगळ्यात अवघड. शस्त्रं आणायची कुठून?

अमेरिकेचं आशियातलं गणित

इथं जरा थांबून नकाशा बघावा लागेल. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेनं आशियात साम्यवादाला रोखण्यासाठी साखळी उभी केली होती. जपान आणि फिलिपिन्सशी १९५१ मध्ये करार, दक्षिण कोरियाशी १९५३ मध्ये. १९५४ मध्ये मनिला इथं सिएटो हा गट, १९५५ मध्ये बगदाद करार, जो नंतर सेंटो झाला. पाकिस्तान या दोन्ही गटांत सामील. मे १९५४ पासून पाकिस्तानला अमेरिकन शस्त्रं मिळायला लागली. पॅटन रणगाडे, सेबर विमानं आणि पुढं एफ-१०४ स्टारफायटरची एक स्क्वॉड्रनसुद्धा.

अमेरिकेला बदल्यात काय मिळालं? रशियाच्या जवळची जागा. १ मे १९६० ला रशियानं पाडलेलं अमेरिकेचं यू-२ हे हेरगिरी विमान पेशावरहून उडालेलं होतं. हा सौदा सरळ होता. शस्त्रं घ्या, जागा द्या.

भारत या साखळीत नव्हता. अमेरिकेनं नेहरूंना त्याच वेळी कळवलं होतं, की पाकिस्तानला दिलेली शस्त्रं भारताविरुद्ध वापरू दिली जाणार नाहीत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

१९६२ मध्ये मात्र अमेरिका खरोखर मदतीला आली, हेही तितकंच खरं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून शस्त्रं घेऊन विमानं कोलकात्यात उतरू लागली. सी-१३० ही मालवाहू विमानं आली आणि आपले जवान, सामान लडाखला पोचवू लागली. डिसेंबरमध्ये बहामातल्या नसाऊ इथं केनेडी आणि ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांनी १२ कोटी डॉलरच्या तातडीच्या मदतीचं ठरवलं; निम्मी अमेरिकेची, निम्मी ब्रिटन आणि राष्ट्रकुलाची.

पण मदतीच्या मागोमाग दुसरी फाईलही आली. अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे सँडिस दिल्लीत आले आणि काश्मीरवर पाकिस्तानशी बोला असा आग्रह सुरू झाला. भारताकडून स्वर्णसिंग, पाकिस्तानकडून भुट्टो. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ अशा सहा फेऱ्या झाल्या. हाती काही लागलं नाही.

आपल्याकडच्या कास्तकाराला हे समजावून सांगायची गरज नाही. हिवरखेडच्या बाजारात असो की अकोट-तेल्हाऱ्याच्या, पेरणीच्या टायमाला हातात पैसा नसला की कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं आणावं लागतं. उधारी मिळते. पण मग कोणत्या कंपनीची थैली घ्यायची, कोणतं खत घ्यायचं आणि निघालेला कापूस कुणाला द्यायचा, हे ठरवताना आपला आवाज थोडा बारीक होतो. दुकानदार वाईट असतो असं नाही. उधारीचा स्वभावच तसा.

चव्हाणांपुढचा पेच हाच होता, फक्त थैलीच्या जागी विमान होतं.

मे १९६४, वॉशिंग्टन

चव्हाणांनी आधी घरचा हिशोब केला. संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना तयार झाली, १९६४ ते १९६९. सैन्य सव्वाआठ लाखांचं, २५ डिव्हिजन, त्यातल्या काही खास डोंगरी लढाईच्या. हवाई दलाच्या ४५ स्क्वॉड्रन. खर्च सुमारे पाच हजार कोटी रुपये. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. ही यादी घेऊन मे १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले.

समोर होते संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा. पूर्वीचे फोर्ड मोटार कंपनीचे अध्यक्ष, आकड्यांचे पक्के. केनेडींची हत्या होऊन सहा महिने झाले होते. भारताबद्दल आपुलकी असलेला अध्यक्ष गेला होता आणि जॉन्सन यांचं लक्ष हळूहळू व्हिएतनामकडे वळत होतं.

भारताला मुख्य हवं होतं ते एफ-१०४. पाकिस्तानकडे ते आहे, आपल्याकडे त्याच्या तोडीचं काही नाही, हा साधा मुद्दा. अमेरिकेचं म्हणणं वेगळं होतं. हे विमान महाग आहे, गरीब देशानं एवढा पैसा त्यावर घालू नये, चीनच्या डोंगरात त्याचा उपयोग कमी, आणि शिवाय दिलं तर पाकिस्तान चिडेल. डोंगरी डिव्हिजनसाठी सामान देऊ, संदेश यंत्रणा देऊ, रस्ते बांधायची यंत्रं देऊ, दारूगोळा कारखान्यांना मदत करू. पण स्टारफायटर नाही.

बोलणी चालू असतानाच २७ मे १९६४ ला दिल्लीहून बातमी आली. नेहरू गेले. ज्यांनी दिल्लीला आणलं तेच गेले, आणि चव्हाण सातासमुद्रापार. दौरा तिथंच थांबला. जूनच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेनं मदतीचं जाहीर केलं. वर्षाला सुमारे पाच कोटी डॉलरची लष्करी मदत आणि वर कर्जाची तयारी. विमान नाहीच.

इथं चव्हाणांनी जे केलं, ते मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. ते रुसून बसले नाहीत आणि अमेरिकेला शिव्याही घातल्या नाहीत. जे मिळत होतं ते घेतलं आणि जे मिळालं नाही त्यासाठी दुसरं दार ठोठावलं. ऑगस्टच्या शेवटी ते मॉस्कोला पोचले. मिग-२१ बद्दल रशियाशी बोलणं १९६२ पासून सुरू होतं आणि काही विमानं आलीही होती. सप्टेंबर १९६४ मध्ये ती भारतातच बनवायचा करार पक्का झाला. त्या वर्षाच्या शेवटी ते ब्रिटनलाही गेले, युद्धनौकांसाठी.

रशियाच्या सौद्यातली खरी कमाई विमानाची नव्हती, कारखान्याची होती. विमानाची बॉडी नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. चव्हाण तेव्हा नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेलेले. मासा देणारा आणि गळ देणारा यातला फरक त्यांना चांगलाच कळला होता. अर्थात रशियाही काही धर्मादाय करत नव्हता. पुढची कित्येक दशकं सुट्या भागांसाठी आपण मॉस्कोकडे बघत राहिलो. एका दुकानाची उधारी चुकवून दुसऱ्याकडे खातं उघडलं, असंही कुणी म्हणू शकतं, आणि ते अगदीच खोटं नाही.

विदर्भातसुद्धा या काळाच्या खुणा आहेत. नागपूरचं अंबाझरी, भंडारा, चंद्रपूरजवळचं भद्रावती इथल्या आयुध निर्माणी साठच्या दशकातल्याच. तिथं भरतीसाठी आयटीआयची पोरं आजही फॉर्म भरतात.

शब्दाची किंमत

एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमक झाली आणि पाकिस्तानच्या बाजूनं पॅटन रणगाडे दिसले. अमेरिकेनं दिलेला तो शब्द आठवतो ना? भारतानं निषेध नोंदवला. फार काही घडलं नाही.

१ सप्टेंबर १९६५. पाकिस्ताननं छांब भागात रणगाड्यांसह मोठा हल्ला केला. अखनूर पडलं असतं तर काश्मीरचा रस्ता तुटला असता. दुपारी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग चव्हाणांच्या कार्यालयात आले. हवाई दल वापरायचं की नाही? वापरलं तर लढाई वाढणार, नाही वापरलं तर अखनूर जाणार. तीन वर्षांपूर्वी चीनविरुद्ध आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. चव्हाणांनी काही मिनिटांतच होकार दिला आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. ६ सप्टेंबरला आपल्या फौजा लाहोरच्या दिशेनं सीमा ओलांडून गेल्या. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि संरक्षणमंत्री चव्हाण, दोघंही दिसायला साधे, पण निर्णय घेताना ठाम होते.

खेमकरणजवळ असल उत्तर इथं पाकिस्तानचे पॅटन पाणी भरलेल्या उसाच्या शेतात अडकले आणि फुटले. हवालदार अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं ते याच लढाईत. फुटलेले रणगाडे एका ठिकाणी मांडून ठेवले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले. आकाशात अमेरिकन सेबरसमोर होती बंगळुरूच्या कारखान्यात बनलेली छोटीशी नॅट विमानं.

८ सप्टेंबरला अमेरिकेनं दोन्ही देशांची शस्त्रं बंद केली. वरवर पाहता सारखा न्याय. पण मार सारखा बसला नाही. पाकिस्तानची जवळपास सगळी मदार एकाच दुकानावर होती. आपल्याकडे ब्रिटिश सेंच्युरियन होते, फ्रेंच एएमएक्स होते, अमेरिकन बनावटीचे जुने शर्मनही होते, रशियन विमानं थोडी का होईना होती आणि काही माल घरचा होता. एक दार बंद झालं तरी घर बंद पडलं नाही. वॉशिंग्टनमध्ये मिळालेला नकार वर्षभरानं असा उपयोगी पडला. लढाईच्या मध्यावर चीननं इशारा देऊन पाहिला, पण उत्तरेच्या सीमेवर या वेळी सैन्य तयारीत होतं.

२३ सप्टेंबरला युद्ध थांबलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला करार झाला, चव्हाण तिथं हजर होते. करारावर सही झाली त्याच रात्री शास्त्रीजी गेले. परदेशात एका पंतप्रधानाची बातमी ऐकली होती, दुसऱ्याच्या वेळी चव्हाण त्याच शहरात होते. या युद्धाच्या दिवसांत ते डायरी लिहीत. ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांचे सचिव राहिलेले राम प्रधान यांनी पुस्तकातून लोकांपुढं आणली.

बंदुकीनंतर भाकर

अमेरिकेच्या हातात दुसरीही एक चावी होती, गव्हाची. पीएल-४८० या कायद्याखाली भारताला अमेरिकन धान्य रुपयांत मिळत होतं. १९६५ आणि १९६६ ला लागोपाठ दुष्काळ पडला. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. आणि नेमक्या त्याच वेळी अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशोबानं सोडू लागले. भारतानं शेती सुधारावी हे एक कारण, व्हिएतनामवर भारतानं अमेरिकेवर टीका करू नये ही दुसरी अपेक्षा.

घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा. रेशनवरची लाल ज्वारी, मिलो, तिची भाकर कशी लागायची, हे त्यांना अजून आठवत असेल. परराष्ट्र धोरण त्यांच्या ताटात आलं होतं. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री पुसदचे वसंतराव नाईक होते आणि संकरित ज्वारीचा त्यांनी धरलेला हट्ट याच अपमानातून आलेला होता.

चव्हाण १९६६ च्या शेवटी गृहमंत्री झाले, १९७० ला अर्थमंत्री. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी अमेरिकेनं एंटरप्राइझ ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागरात पाठवली. नऊ वर्षांपूर्वी चीनच्या संकटात अमेरिकन विमानवाहू जहाज याच समुद्राकडे निघालं होतं, पण तेव्हा भारताच्या बाजूनं. समुद्र तोच राहिला. बदललं ते गणित.

ते अर्थमंत्री असतानाच फेब्रुवारी १९७४ मध्ये एक भारी गोष्ट घडली. पीएल-४८० च्या धान्यापोटी भारतात अमेरिकेच्या नावावर रुपयांचा डोंगर साठला होता. त्याचा मोठा हिस्सा अमेरिकेनं सोडून दिला आणि राजदूत मोयनिहान यांनी भारत सरकारच्या नावे १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला. एवढ्या रकमेचा चेक तोपर्यंत जगात कुणी लिहिला नव्हता. गव्हाची उधारी अशी मिटली.

किसिंजर आणि रद्द झालेलं तिकीट

ऑक्टोबर १९७४ मध्ये चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हेन्री किसिंजर दिल्लीत उतरले. १९७१ मध्ये भारताविरुद्ध उभे राहिलेले तेच किसिंजर. पोखरणची अणुचाचणी होऊन पाच महिने झाले होते. २८ ऑक्टोबरला दोघांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सह्या केल्या. व्यापार, विज्ञान-तंत्रज्ञान, शिक्षण-संस्कृती अशा तीन शाखा. भांडण असलं तरी बोलणं बंद ठेवायचं नाही, असा त्याचा अर्थ.

पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९७५ ला, अमेरिकेनं पाकिस्तानवरची दहा वर्षांची शस्त्रबंदी उठवली. चव्हाणांना मार्चमध्ये याच आयोगाच्या बैठकीसाठी वॉशिंग्टनला जायचं होतं. त्यांनी जाणं रद्द केलं. संसदेत नाराजी मांडली. करार मात्र फाडला नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये ते गेले आणि बैठक झाली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मधल्या काळात, जून १९७५ मध्ये, देशात आणीबाणी लागली होती. तुरुंगात घडलेला हा स्वातंत्र्यसैनिक आणीबाणीत मंत्रिमंडळात राहिला. इतरांना जेलमध्ये टाकलं जात असताना जगाला भारताची बाजू सांगत फिरला. १९७७ नंतर विरोधी पक्षनेते, १९७९ ला थोड्या दिवसांचे उपपंतप्रधान, मग काँग्रेसबाहेर, मग पुन्हा आत. ऐन वेळी निर्णय घेत नाहीत, कुंपणावर बसतात, हा आरोप त्यांच्यावर आयुष्यभर झाला. १ सप्टेंबर १९६५ ला मिनिटांत निर्णय घेणारा माणूस स्वतःच्या राजकारणात मात्र वर्षानुवर्षं थांबून राहिला, हे कोडं अभ्यासकांना आजही सुटलेलं नाही.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर ते आतून खचले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

आपल्यासाठी काय?

राज्यशास्त्राच्या पेपरात अलिप्ततावाद हा शब्द येतो तेव्हा आपण पाच मुद्दे पाठ करतो. चव्हाणांच्या कामात तो शब्द जिवंत दिसतो. अलिप्त म्हणजे कुणाशीच न बोलणं नव्हे. सगळ्यांशी बोलायचं, पण कुणा एकाच्याच भरवशावर राहायचं नाही. मदत मागायला लाजायचं नाही; पण मागताना घरचा हिशोब खिशात असला पाहिजे. नकार मिळाला तर पुढचा पत्ता माहीत पाहिजे. आणि रागावलो तरी दार आपटून यायचं नाही, कारण पुन्हा तिथं जायची वेळ येते.

त्यांचं आत्मचरित्र कृष्णाकाठ १९८४ मध्ये आलं. कॉलेजच्या लायब्ररीत ते बहुतेक सापडेल. पण त्यातली गोष्ट १९४६ पर्यंत येऊन थांबते. पुढचे भाग लिहायचे राहून गेले. मॅक्नामारांच्या समोर बसताना, ताश्कंदच्या त्या रात्री किंवा आणीबाणीच्या दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते त्या पुस्तकात शोधून मिळणार नाही. त्यासाठी संसदेतली भाषणं, १९६५ ची डायरी आणि त्या काळातले पेपर चाळावे लागतील. एखाद्याला प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर हा मोकळा पडलाय.